नाणं स्वस्त, शिपिंग महाग: सेलरला स्टार किती द्यायचे?

प्रश्न: सर, ऑनलाइन लिलावात एक चांदीचं नाणं जिंकलं, किंमत बरीच कमी लागली म्हणून खूश होतो, पण शिपिंग जवळपास नाण्याइतकंच पडलं. पाकीट आलं तेव्हा बघितलं तर वरची तिकिटं माझ्याकडून घेतलेल्या रकमेच्या निम्मीसुद्धा नाहीत. ही फसवणूकच झाली ना? शिपिंगला एक स्टार देऊ का?

उत्तर: आधी एकच सांगा, बिड लावताना शिपिंगचा आकडा तिथे दिसत होता का? दिसत होता तर फसवणूक नाही म्हणता येणार, कारण तुम्ही बिड लावली ती नाणं अधिक शिपिंग अशा एकूण रकमेवर, भले डोक्यात फक्त नाण्याची किंमत असेल. आता ती एकूण रक्कम घ्या आणि तसंच, त्याच ग्रेडचं, म्हणजे तितक्याच चांगल्या स्थितीतलं नाणं अलीकडे शिपिंगसकट कितीला गेलंय ते बघा, बहुतेक साइटवर विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव शोधता येतात. एकूण रक्कम त्या भावाच्या आसपास किंवा खाली असेल तर तुमचं काहीच गेलेलं नाही, सेलरने फक्त पैसे एका खिशातून न घेता दोन खिशांतून घेतले.

तिकिटांवरचा आकडा म्हणजे सगळा खर्च नाही हेही लक्षात घ्या. नाणं ठेवायचा होल्डर, दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, बबलचं पाकीट, ट्रॅकिंग, पेमेंटवर कापली जाणारी फी, आणि ईबेसारख्या साइटवर तर शिपिंगच्या रकमेवरसुद्धा कमिशन जातं. हे पूर्वी नव्हतं. आधी कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर होतं, म्हणून काही सेलर नाणं जवळजवळ फुकट लावायचे आणि सगळा नफा शिपिंगमध्ये घुसवायचे, कमिशन वाचायचं आणि किमतीनुसार लावलेल्या यादीत त्यांचं नाणं सगळ्यात वर दिसायचं. २०११ मध्ये ईबेने एकूण रकमेवर कमिशन लावायला सुरुवात केली तेव्हा या खेळातला कमिशन वाचवायचा भाग संपला, पण स्वस्त दिसायचा मोह राहिलाच, त्यामुळे असे सेलर अजून भेटतात.

माझं मत विचाराल तर सगळा खरा खर्च धरून त्याच्या दीडपटीपर्यंत शिपिंग असेल तर मी तक्रार करणार नाही, माणसाने पॅक करायला आणि पोस्टात जायला वेळ दिलाय. तिप्पट असेल तर ते शिपिंग नाहीच, ती नाण्याची लपवलेली किंमत आहे आणि अशा ठिकाणी बिडच लावू नये. पण आकडा बघून, मान्य करून, नाणं घेऊन झाल्यावर एक स्टार देणं मला पटत नाही. एक स्टार कुठे द्यावा? ट्रॅकिंगचे पैसे घेऊन साध्या टपालाने पाठवलं तर. लिलाव संपल्यावर शिपिंग वाढवून सांगितलं तर. तिथे मात्र अजिबात हात आखडता घेऊ नका.

प्रश्न: मी शिपिंगला नेहमी चार स्टार देते, माझ्या मते चार म्हणजे छानच. पण एका सेलरने मेसेज करून नाराजी कळवली. चार वाईट असतात का?

उत्तर: तुमचं काही चुकलेलं नाही, गडबड त्या पद्धतीतच आहे. ईबेने २००७ मध्ये हे सविस्तर स्टार आणले तेव्हा चार गोष्टी विचारल्या: वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, सेलरचा संवाद कसा होता, पाठवायला किती वेळ लावला, आणि शिपिंगची रक्कम वाजवी होती का. या शेवटच्या प्रश्नात पाच स्टारचा अर्थ लिहिला होता ‘खूप वाजवी’ आणि चारचा ‘वाजवी’. म्हणजे तुम्ही वाजवी म्हणून प्रामाणिकपणे चार दिले, पण बाकी बहुतेक लोक डोळे झाकून पाच देतात, सगळ्यांची सरासरी पाचाच्या जवळ चिकटलेली असते, आणि मग तुमचे चार त्या सेलरला खाली ओढतात. ४.९ आणि ४.६ आपल्याला सारखेच वाटतात, सेलरच्या दृष्टीने तो फार मोठा फरक असतो.

कोणी किती स्टार दिले हे ईबेवर सेलरला दिसत नाही, फक्त सरासरी दिसते. ज्याची विक्री थोडी त्याची सरासरी एकाच ग्राहकाने हलते आणि मग तो अंदाजाने विचारत सुटतो. तुमच्या साइटवरही असंच असेल तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. आणखी एक, शिपिंग फुकट असेल तर त्या प्रश्नाला आपोआप पाच स्टार लागायची सोय ईबेने नंतर केली, म्हणून कित्येक सेलरनी शिपिंग नाण्याच्या किमतीत मिसळून ‘फ्री’ लिहायला सुरुवात केली. त्यामुळे या एका आकड्यावरून सेलर पारखू नका. वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, तो आकडा नाण्यांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा.

माझी पद्धत सांगतो: आकडा आधी दाखवला, तेवढाच घेतला आणि नाणं नीट पॅक होऊन आलं की शिपिंगला पाच. नाही तर सरळ दोन किंवा एक, आणि सोबत कारण दोन वाक्यांत.

प्रश्न: एकाच सेलरकडून एकाच दिवशी पाच नाणी घेतली. शिपिंग पाच वेळा पूर्ण लावलं आणि नाणी आली एकाच पाकिटात! मेसेज केला तर म्हणतो सिस्टीमने लावलं.

उत्तर: या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. नाण्याचं वजन असतं किती? अमेरिकेचा अलीकडचा एक सेंट २.५ ग्रॅम, चांदीचा मोठा मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम. पहिल्या नाण्याला पाकीट, पुठ्ठा, ट्रॅकिंग सगळं लागतं, दुसऱ्याला एक होल्डर आणि थोडी जागा. फार तर पोस्टेजचा पुढचा टप्पा लागेल. म्हणजे पहिल्याला पूर्ण आणि पुढच्या प्रत्येकाला थोडंसं, हेच योग्य, आणि बहुतेक जुने सेलर तसंच करतात. एकूण किंमत मोठी असेल तर विम्याची रक्कम वाढेल, तेवढं मात्र मान्य करायला हवं.

सिस्टीमने लावलं हे खरंही असू शकतं, सेटिंग केलेलं नसेल तर साइट प्रत्येक वस्तूला वेगळं शिपिंग लावते. पण ते जादाचे पैसे परत करणं सेलरच्या हातात असतं, अर्धवट रिफंडची सोय जवळपास सगळीकडे आहे. शांतपणे लिहा की नाणी एका पाकिटात आली, फरक परत करा. केला तर पूर्ण स्टार द्या, चूक सुधारणारा सेलर जपावा असा असतो. नाही केला तर खरं काय झालं ते फीडबॅकमध्ये लिहा. पुढच्या वेळी मात्र पेमेंट करण्याआधी एकत्र बिल मागायचं, पैसे गेल्यावर आपलं म्हणणं ऐकलं जाईलच असं नाही.

प्रश्न: परदेशातून नाणं मागवलं, पोचलंच नाही. सेलर म्हणतो तुम्ही स्वस्तातलं शिपिंग निवडलं, विमा घेतला नाही, आता मी काय करू?

उत्तर: ज्या साइटवर खरेदीदाराला पैसे परत मिळायची हमी असते तिथे हे उत्तर चालत नाही. पोचवायची जबाबदारी सेलरची, विमा म्हणजे खरं तर त्याचं स्वतःचं संरक्षण. तुम्ही साइटच्या मुदतीत केस टाका, बोलण्यात दिवस घालवू नका, मुदत गेली की हमीही गेली. हमी नसलेल्या ठिकाणी, म्हणजे ग्रुपवर किंवा थेट पैसे पाठवून व्यवहार केला असेल, तर आधी जे लेखी ठरलं तेवढंच हाती राहतं.

परदेशी टपालाची एक गोष्ट नाणी घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. जागतिक टपाल संघाच्या नियमांप्रमाणे नाणी आणि सोनं-चांदी विमा नसलेल्या पत्रटपालातून पाठवायला मनाई आहे, काही देशांचे कायदे रजिस्टर्ड बंद पाकिटातून परवानगी देतात आणि काही देश आयातच अडवतात. म्हणजे कस्टम्सच्या कागदावर दुसरंच काहीतरी लिहून स्वस्तात पाठवतो असं सांगणारा सेलर तुमच्यावर उपकार करत नाहीये, हरवलं तर भरपाई मागायला कोणाला जागाच उरत नाही. परदेशातून घेताना रजिस्टर्ड किंवा विम्याचं शिपिंग महाग वाटलं तरी तोच खरा दर आहे. आणि कस्टम ड्युटी लागली किंवा पार्सल कस्टम्समध्ये अडकलं म्हणून सेलरचे स्टार कापू नका, ते त्याच्या हातात नाही.

प्रश्न: एका सेलरचं रेटिंग १०० टक्के आहे पण फीडबॅक फक्त वीस-पंचवीस. दुसऱ्याचं ९९.३ टक्के, फीडबॅक हजारोंनी. महाग नाणं कोणाकडून घेऊ?

उत्तर: दुसऱ्याकडून, पण त्याचे निगेटिव्ह वाचल्यावरच. ‘उशिरा आलं’, ‘शिपिंग जास्त’ असे असतील तर सोडून द्या. ‘नाणं नकली निघालं’, ‘फोटो वेगळा नाणं वेगळं’, ‘पॉलिश केलेलं निघालं’ असे चार-पाच जरी सापडले तरी टक्केवारी विसरा. ईबेवरची टक्केवारी मागच्या १२ महिन्यांची असते, तिथे २००८ पासून सेलर खरेदीदाराला निगेटिव्ह देऊ शकत नाही, त्याआधी लोक बदल्याच्या भीतीने खरं लिहायचेच नाहीत. म्हणून फार जुन्या कौतुकापेक्षा अलीकडचं वाचा.

पहिल्या सेलरचे ते वीस-पंचवीस फीडबॅक कशाचे आहेत तेही उघडून बघा. काही लोक आधी किरकोळ वस्तू विकत घेऊन फीडबॅक जमवतात आणि मग एकदम सोन्याची नाणी विकायला काढतात. नाणी विकल्याचा एकही फीडबॅक नसेल तर थांबा. नाणं एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद प्लास्टिक डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये असेल तर त्यावरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवा, पण नंबरही चोरून नकली स्लॅबवर छापतात, तेव्हा नुसता नंबर सापडला म्हणून निश्चिंत होऊ नका.

प्रश्न: नाणं छान आहे, पण सेलरने थेट नाण्यावर सेलोटेप लावून कार्डाला चिकटवून पाठवलं. रेटिंग काय देऊ?

उत्तर: आधी नाणं वाचवा, रेटिंग नंतर. टेप खरवडू नका, ओढू नका, जसं आलं तसे फोटो काढा आणि सेलरला पाठवून परत घेणार का विचारा. ठेवायचंच ठरलं तर शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणं भिजू द्या, डिंक आपोआप सुटतो, घासायचं अजिबात नाही, हवा खेळती ठेवा आणि जवळपास आग नको. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. रेटिंगसाठी ईबेवर ६० दिवस मिळतात, तुमच्या साइटची मुदत तपासा आणि सेलर काय करतो ते बघून मगच द्या. माल परत घेतला किंवा काही पैसे परत केले तर तेही फीडबॅकमध्ये लिहा, आणि टेपचंही लिहा, त्याच्याकडून पुढचं नाणं घेणाऱ्याला दोन्ही कळायला हवं.