जुना सिमेंट पत्रा उतरवताना

बेळगावच्या उद्यमबागेतली जुनी शेड असो की निपाणीतलं तंबाखूचं गोदाम, वर करडा नागमोडी सिमेंट पत्रा दिसला की तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच, म्हणजे घातक खनिज तंतू मिसळलेला, धरून चाल. नजरेनं खात्री होत नाही, ती प्रयोगशाळेतच होते.

शाबूत पत्र्याचा धोका कमी. ग्राइंडर, ड्रिल किंवा हातोडा लागला की तंतू सुटतात, फुप्फुसात रुततात आणि आजार 20-40 वर्षांनी वर येतो. शेवाळ काढायला तारेचा ब्रश मारतात, तेही तितकंच वाईट.

उतरवण्याआधी पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड मिसळून फवारणी पंपानं पत्रा भिजव. साबणामुळे पाणी नीट मुरतं. जोराचा पाईप मारू नको. गंजलेले हूक-बोल्ट बोल्ट कटरनं काप. पत्रा हिसकलास तर तो भोकापाशीच तडकतो. अख्खा पत्रा हातोहात खाली दे, वरून टाकू नको. आणि पत्र्यावर थेट पाय ठेवू नको, तो अचानक फुटतो. खालच्या लोखंडी आडव्यांवर टेकतील अशा फळ्या टाक, सेफ्टी बेल्ट लाव.

रुमाल किंवा सर्जिकल मास्क उपयोगाचा नाही. एफएफपी3, म्हणजे बारीक धूळ अडवणारा घट्ट बसणारा मास्क लाव, दाढी असेल तर कडेनं हवा शिरते. झाडू नको, ओल्या फडक्यानं पूस आणि फडकंही तुकड्यांसोबत जाड प्लास्टिकच्या दुहेरी थरात बांध. शेताच्या बांधावर भर म्हणून हे तुकडे कधीच टाकू नको. ते कुठे द्यायचे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात आधीच विचार. कामाचे कपडे घरी नेऊ नको, झटकले की धूळ पोराबाळांच्या नाकात जाते.