बर्फावर 'ज्वाळा' कशा?

प्रश्न : माझी लेक लग्नानंतर कॅनडात कॅलगरीला गेली. तिथं आइस हॉकीचं भारी वेड आहे म्हणते. पण संघाचं नाव 'फ्लेम्स', म्हणजे ज्वाळा! बर्फावरच्या खेळाला आगीचं नाव कसं? आणि तिकडे असे संघ आले कधी?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, हे नाव कॅलगरीचं नव्हेच, अमेरिकेतल्या अटलांटाचं. यादवी युद्धात १८६४ साली जनरल शर्मनच्या फौजेनं अटलांटा जाळलं. त्याची आठवण म्हणून १९७२ साली तिथल्या नव्या संघाचं नाव 'फ्लेम्स' ठेवलं. पण संघाचा खर्च निघेना. १९८० मध्ये तो १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला आणि कॅलगरीला आला. अल्बर्टा प्रांतात तेव्हा खनिज तेलाचा पैसा खेळत होता, त्यामुळे ज्वाळा तिथंही शोभल्या.

माझ्या भाच्यानं तिथून मला एक 'पक' आणली, म्हणजे या खेळातला चेंडूच म्हणा. काळ्या रबराची चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड. गणपती पेठेत हळदीच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली, १६५ ग्रॅम भरली. सामन्याआधी ती गोठवतात, नाहीतर रबर उसळतं.

तिथली हॉकी मात्र फ्लेम्सच्या फार आधीची. १९२१ मध्ये पश्चिम कॅनडात धंदेवाईक लीग सुरू झाली. तिच्यातले कॅलगरी टायगर्स १९२४ साली स्टॅन्ली कपच्या, म्हणजे या खेळातल्या सर्वांत मानाच्या चषकाच्या, अंतिम फेरीत पोचले आणि माँट्रियल कनेडियन्सकडून हरले. १९२६ मध्ये लीगच मोडली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांइतके पगार या छोट्या गावांना कुठून झेपणार? खेळाडू विकले गेले. अल्बर्टातल्याच एडमंटनचा एडी शोर बोस्टनला गेला आणि तिथं मोठा झाला. या गावांवर तो अन्यायच झाला असं मला आजही वाटतं. अल्बर्टात पहिल्या फळीचा संघ पुन्हा यायला १९७२ उजाडलं : एडमंटनचे ऑयलर्स. पुढे त्यांनी पाच वेळा कप जिंकला.

कॅलगरीला तो मिळाला १९८९ मध्ये. समोर कोण? तेच कनेडियन्स, आणि तेही त्यांच्याच माँट्रियल फोरममध्ये. तिथं त्यांना हरवून कप उचलणारा दुसरा पाहुणा संघ झाला नाही.

लेकीला फ्लेम्सचे जुने फोटो बघायला सांगा. उपकर्णधारांच्या छातीवर जळता 'ए' दिसेल. तो अटलांटाचा.