आधी घोट्याला हात लाव

अरे, एआयने एक्स-रेवर फ्रॅक्चरची खूण केली नाही म्हणून पेशंटला लगेच घरी धाडू नकोस. आपल्या सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभी राहणारी माणसं ‘नुसता मुरगळलाय’ म्हणत लंगडत येतात. आधी हात लाव. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, अंगठ्याने दाबत जा. पेशंटचा चेहरा बघ. चार पावलं टाकता येतात का, तेही बघ. घोट्याचा एक्स-रे लागेल का, हे ठरवणारे कॅनडातल्या ओटावाचे हे १९९२चे नियम मी अजून रोज वापरतो. सॉफ्टवेअर बारीक फ्रॅक्चर दाखवतं, थकलेल्या डोळ्यांना मोठाच आधार आहे तो. पण साध्या एक्स-रेत लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, दिसतच नाही, मग सॉफ्टवेअर तरी काय सांगणार? आठवड्याने सूज उतरली की पुन्हा बोलाव, पुन्हा तपास.