कॅनडाच्या पीआरसाठी (कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यासाठी) मुलांची नावं टाकताना

पहिली गोष्ट, मुलगा सध्या सोबत येणार नसला तरी अर्जात त्याचं नाव घालाच. पहिल्या लग्नातलं मूल असो की आजीजवळ राहणारं, सगळी दाखवायची, आणि सहसा त्यांचीही वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. आज लपवलं किंवा राहून गेलं, तर पुढे त्याला स्पॉन्सर करून कॅनडाला बोलवायचा रस्ता बहुतेक वेळा बंदच होतो. एजंट 'नंतर बघू' म्हणाला तर ऐकू नका, कळकळीने सांगतोय.

आता वय. मूल 22 वर्षांच्या आतलं आणि अविवाहित हवं. वय साधारणपणे पूर्ण अर्ज कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या हाती पडतो त्या तारखेला गोठतं, म्हणून प्रक्रिया लांबून मुलगी तेविशीत गेली तरी चिंता नको. पण 'पूर्ण' या शब्दावर सगळं अडतं. एखादी सही राहिली, फी कमी भरली, की अर्ज परत येतो आणि ती तारीख हातची जाते. एकविशी ओलांडलेलं मूल असेल तर शेवटच्या आठवड्यावर अजिबात ढकलू नका. आणि हो, लग्नाला ही सवलत नाही! पीआर हातात पडेपर्यंत मूल अविवाहितच राहायला हवं. साखरपुड्याची बोलणी चालू असतील तर घरात हे आधी स्पष्ट सांगा.

जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडा, मात्र ते घरच्या कुणी केलेलं चालत नाही.