थ्रेडिंग करताना मान भरून येते, खुर्ची वर घेतली तर फरक पडेल का?

पडेल, पण आधी खुर्चीची पाठ मागे कलवा. नुसती उंची वाढवून मान वाकायची थांबत नाही. गिऱ्हाइकाचं डोकं हेडरेस्टवर पूर्ण टेकलेलं आणि भुवई साधारण तुमच्या छातीच्या खालच्या कडेशी हवी. दोरा दातात धरला की प्रत्येक ओढीला जबडा आवळतो, हनुवटी पुढे जाते आणि मानेचा मागचा भाग ताठ राहतो. दोरा गळ्यात अडकवला तर दातांवरचा ताण सुटतो, मानेवरचा नाही. दुसरी भुवई जागेवरूनच वाकून करू नका, सरळ त्या बाजूला जाऊन उभ्या राहा (बहुतेकींची चूक इथेच होते). दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये हनुवटी आत ओढून 5 सेकंद धरा, असं 8-10 वेळा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा दोरा हातातून सुटत असेल, तर मात्र व्यायामावर वेळ न काढता डॉक्टरांना दाखवा.