पेन्सिलने हिमनग काढला की बर्फ मळकट का दिसतो?

कारण तुम्ही बर्फच रंगवताय. त्याची जागा कोरी सोडा आणि भोवतीचं पाणी ६बी या मऊ, गडद पेन्सिलीने बिनधास्त काळं करा. ताजा पडलेला भुसभुशीत बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो, उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के. हा फरक कागदावर आला नाही तर हिमनग थर्माकोलचा वाटतो. सावल्यांना २एच ही कडक, फिकी पेन्सिल पुरे, आणि बोटाने घासणं बंद! ध्रुवीय प्रदेशात सूर्य आकाशात फार वर चढत नाही, म्हणून सावल्या लांबलचक पडतात आणि कडा धारदार दिसतात. उरलासुरला मळकटपणा बहुतेक वेळा बोटाने घासण्यातूनच येतो.

आपण पुणेकर आणखी एका ठिकाणी फसतो. सिंहगडावरून रेखाटताना मागच्या डोंगररांगा फिक्या करायची सवय हाताला लागलेली असते. ध्रुवीय हवा कोरडी, स्वच्छ. लांबचा डोंगरही जवळ असल्यासारखा रेखीव दिसतो. तिथं मागचं पुसट केलंत की अंटार्क्टिकाऐवजी पावसाळी ताम्हिणी तयार होते. (धुकं किंवा हिमवादळ दाखवायचं असेल तर मात्र हा नियम उलटा: क्षितिजरेषाच गाळा.)

कागद जाड कार्ट्रिज (चित्रकलेचा) घ्या, अप्पा बळवंत चौकात सुटाही मिळतो. मळून वापरायचा खोडरबर घ्या, त्याने उजेड टिपून काढता येतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद मऊ पडतो, साध्या रबराने त्याचे तंतू उठतात आणि मग तिथं शुभ्र पांढरं परत मिळत नाही.