वाचकांचे प्रश्न : कुलसंमेलन आणि घरातील तरुण मंडळी

प्रश्न : आमचे घराणे होळकर दरबाराच्या चाकरीनिमित्त इंदुरास आले आणि येथेच स्थिरावले. पुढे शाखा पुणे, नागपूर, बडोदा, देवास अशा पसरल्या. दर दोन वर्षांनी आमचे कुलसंमेलन भरते. गेल्या खेपेस शंभरावर माणसे जमली, पण तिशीच्या आतील मुले-मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती आणि जी आली होती तीही कार्यालयाच्या व्हरांड्यात मोबाइल घेऊन बसली होती. येत्या डिसेंबरात यजमानपद इंदूर शाखेकडे आहे. काही जण डी.जे. ठेवा म्हणतात, काही जण बक्षिसांचे खेळ ठेवा म्हणतात. मागील संमेलनाची कार्यक्रमपत्रिका सोबत जोडली आहे. या मुलांना संमेलनाची गोडी लागावी म्हणून आम्ही काय करावे?
– एक ज्येष्ठ वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : काका, आपण पाठविलेली पत्रिका मी बारकाईने वाचली. सकाळी दहा वाजता दीपप्रज्वलन व कुलदेवतेची आरती, त्यानंतर स्वागताध्यक्षांचे भाषण, मागील संमेलनाचा अहवाल, पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा सत्कार, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, भोजन, भोजनोत्तर मनोगते, चार वाजता समूहछायाचित्र आणि चहा. या सहा तासांत बावीस वर्षांच्या मुलाने कोणाशी बोलायचे आणि केव्हा, याचे उत्तर मला पत्रिकेत सापडले नाही. सर्व खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून मांडलेल्या असतील, तर शेजारी बसलेली मुलगी आपली चुलत आतेबहीण आहे हे त्याला समजणार तरी कसे? व्हरांड्यात जाऊन बसलेल्या मुलांना मी दोष देणार नाही. बोलण्यासाठी तेवढीच जागा त्यांना उरली होती.

हीच मुले मित्राच्या लग्नासाठी रात्रभर बसचा प्रवास करून जातात, दोन दिवस जागतात आणि सोमवारी सकाळी कामावर हजर होतात. त्यांना माणसांची ओढ नाही असे म्हणता येत नाही. मात्र ती एखाद्या माणसासाठी जातात, घराण्यासाठी जात नाहीत. घराण्याचा अभिमान बहुतेकांच्या मनात पन्नाशीच्या आसपास जागा होतो आणि त्याआधी तो नसला तर त्यात काही बिघडले असे मला वाटत नाही. विशी-पंचविशीत माणूस येतो तो मावसभाऊ भेटणार म्हणून, लहानपणी जिच्याबरोबर गच्चीवर झोपलो ती आतेबहीण येणार म्हणून. तेव्हा डी.जे. आणि बक्षिसे यांचा विचार सोडून द्यावा आणि या मुलांची एकमेकांशी गाठ कशी पडेल एवढेच पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढील सर्व सूचना त्याच दृष्टीने केलेल्या आहेत.

सर्वप्रथम मुक्कामाचा विचार करा. पूर्वी इंदूरच्या वाड्यांतून लग्नकार्याच्या वेळी सतरंज्या अंथरून वीस-पंचवीस मुले एका ओळीत झोपत असत आणि भावंडांची खरी ओळख त्या रात्रींत होत असे. आता प्रत्येक कुटुंब वेगवेगळ्या हॉटेलात उतरते, सकाळी दहाला कार्यालयात पोहोचते आणि सायंकाळच्या गाडीने परत जाते, म्हणजे रात्र हातातून जाते. संमेलनाच्या आदल्या सायंकाळीच तरुणांना बोलावून घ्या आणि अठरा ते पस्तीस वयाच्या सर्वांची सोय एकाच धर्मशाळेत किंवा एकाच नातेवाइकाच्या घरी करा. त्या रात्री त्यांना सराफ्यात जाऊ द्या. दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर त्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकाने लागतात, डिसेंबरात तळलेला गराडू (एक कंद) गरम मिळतो, शिवाय भुट्ट्याचा कीस आणि जिलेबी आहेच. पुण्या-नागपूरच्या भावंडांना इंदूरची मुले स्वतः फिरवतील, तेव्हा यजमानपद त्यांच्याकडे आपोआप जाईल. बरोबर एकही वडीलधारे माणूस पाठवू नये, ही विनंती.

तारखेबद्दलही सांगतो. तुलसीविवाहानंतर लग्नसराई सुरू होते आणि तेव्हा कार्यालयही मिळत नाही, माणसेही मिळत नाहीत. साधारण १६ डिसेंबरपासून मकरसंक्रांतीपर्यंत धनुर्मास असतो. माळव्यातील हिंदीभाषक मंडळी या दिवसांत खरमास म्हणून लग्ने टाळतात, त्यामुळे इंदुरातील कार्यालये या काळात सहज मिळतात आणि भाड्याची बोलणीही करता येतात. नोकरी करणाऱ्यांना नाताळची सुट्टी असते, महाविद्यालयांच्या सत्रपरीक्षा बहुधा आटोपलेल्या असतात. बारावीची मुले मात्र येणार नाहीत, कारण जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत असते. त्यांच्या आईवडिलांनाही आग्रह करू नये आणि ती आली नाहीत म्हणून पाठीमागे बोलूही नये. तारीख उन्हाळ्यातच कळवा. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, म्हणजे नाताळच्या सुमाराची तिकिटे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि तो दिवाळीच्या आसपासचा धामधुमीचा काळ असतो. त्या दिवशी प्रत्येक शाखेतील एका तरुणाने आपल्या गावच्या सर्वांची तिकिटे एकत्र काढावीत. एकाच डब्यातून पुण्याहून इंदूरपर्यंत आलेली भावंडे कार्यालयात पाऊल टाकतात तेव्हा ती परकी राहिलेली नसतात.

आता एक अवघड गोष्ट लिहितो आणि ती आपण मनावर घ्यावी अशी इच्छा आहे. गुणवंतांचा सत्कार बंद करा. ज्या मुलीला ९५ टक्के मिळाले तिचे कौतुक घरीदारी झालेलेच असते. ज्या मुलाचे नीटचे दोन प्रयत्न वाया गेले, ज्याची नोकरी सुटली, ज्याने अभियांत्रिकी सोडून छायाचित्रणाचा व्यवसाय धरला, तो त्या तासाभरात मान खाली घालून बसतो आणि पुढच्या खेपेस येत नाही. त्याची आई कारण म्हणून ‘त्याला सुट्टी नव्हती’ असे सांगते. ‘पॅकेज किती?’, ‘लग्नाचे काय ठरले?’, ‘अजून पाळणा नाही का?’ हे प्रश्नही त्याच जातीचे आहेत. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मायाच असते. परंतु दिवसभरात हाच प्रश्न दहा तोंडांतून ऐकणाऱ्या मुलीला ती माया जाणवत नाही. आपण घराण्यातील ज्येष्ठ आहात. निमंत्रणाबरोबर आपल्या सहीने एक लहानसे पत्र ज्येष्ठांना पाठवा आणि हे तीन प्रश्न कोणी विचारू नयेत असे त्यात स्पष्ट लिहा. तरुणांनी हे म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो. आपण म्हटल्यास ती घराची रीत होईल.

दुसरी गोष्ट वंशावळीची. कार्यालयाच्या भिंतीवर लावतात तो मोठा फ्लेक्स आपल्याकडेही असेल. त्यावर मूळ पुरुषापासून खाली येत गेले तर मुलाच्या नावाखाली त्याची मुले, नातवंडे येतात, पण मुलीच्या नावापाशी ‘अमुक घराण्यात दिली’ एवढे लिहून रेघ थांबते. अनेक जुन्या कुलवृत्तांतांची हीच पद्धत आहे. एखादी तरुण मुलगी फ्लेक्ससमोर उभी राहून बोटाने आपले नाव शोधते आणि आपल्या नावाखाली पुढे कधीच काही लिहिले जाणार नाही हे तिला दिसते, तेव्हा संमेलन आपले आहे असे तिला का वाटावे? लेकींच्या मुलांना, जावयांना आणि सुनांच्या माहेरच्या नावांना वंशावळीत पूर्ण जागा द्या. यावर वाद होईल, काही ज्येष्ठ नाराजही होतील, तरीही हे करा. केवळ एवढ्या एका बदलाने बोलावण्याजोग्या तरुणांची संख्या किती वाढेल ते आपणच मोजून पाहा.

ही नवी वंशावळ तयार करण्याचे काम मुलांकडे सोपवा. पाहुण्यांना पाणी देणे आणि खुर्च्या मांडणे याला तरुणांचा सहभाग म्हणण्याची पद्धत आहे, पण त्यात त्यांचे मन गुंतत नाही. शोधाच्या कामात ते गुंतते. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नावांच्या जुन्या वह्या पिढ्यानपिढ्या जपलेल्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की गुरुजी त्या घराण्याची वही काढतात आणि त्यात कोण, कोणाचा मुलगा, कोणत्या भावंडांसह आला, याची नोंद असते, पुष्कळदा खाली येणाऱ्याची सही असते. आपल्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ओळीवरून बोट फिरवणे हा अनुभव कोणत्याही भाषणाने देता येणार नाही. जुनी पाने बहुधा मोडी लिपीत असतात. आधी सलग शिरोरेषा ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, अशी ती लिपी असल्याने सुरुवातीला एक अक्षर लागत नाही. मोडीचे वर्ग पुण्यात चालतात, ऑनलाइनही असतात. चार भावंडांनी मिळून ती शिकावी. आपल्या घरी होळकरकालीन सनदा, जमाखर्चाचे कागद, पत्रे यांचे एखादे बासन असेलच. ते त्यांच्या स्वाधीन करा. कागद फाटतील ही भीती रास्त आहे, म्हणून आधी छायाचित्रे काढून घ्यावीत आणि वाचन त्या छायाचित्रांवरून करावे.

याच्या जोडीला ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम ठेवा, मात्र एका आजीसमोर एकच नातवंड बसवा आणि ते शक्यतो तिचे सख्खे नातवंड नसावे. सख्ख्या नातवंडाला आजीच्या गोष्टी पाठ असतात. दूरच्या नातवंडाला ती सगळीच नवलाई वाटते आणि आजीलाही कोणी प्रथमच विचारते आहे याचा आनंद होतो. प्रश्न मोघम नसावेत. ‘तुमचे बालपण कसे होते?’ असे विचारले की उत्तर दोन वाक्यांत संपते. ‘तुमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात चूल कोणत्या बाजूला होती आणि पहाटे ती कोण पेटवीत असे?’ असे विचारावे, म्हणजे बोलणे तासभर चालते.

वर्गणीचे थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांकडून काही घेऊ नये, कमावत्या तरुणांकडून मात्र त्यांच्या आईवडिलांमार्फत न घेता थेट मागावी आणि हिशेबात त्यांचे नाव स्वतंत्र लिहावे.

प्रश्न : आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहात दीडशेहून अधिक सदस्य आहेत. तरुण मंडळी एक तर समूह सोडून जातात किंवा आवाज बंद करून ठेवतात, त्यामुळे संमेलनाच्या सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. काय करावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : सूचनांसाठी निराळा समूह करा, त्यात लिहिण्याची मुभा दोनच जणांना ठेवा आणि महिन्यातून एकापेक्षा अधिक संदेश पाठवू नका. सुप्रभात, सुविचार आणि वाढदिवस जुन्या समूहात सुखाने चालू द्यावेत, कारण ज्येष्ठांना त्यांचा आधार असतो. भावंडांचा त्यांचा स्वतःचा समूह असेल तर त्यात प्रवेश मागू नका. निमंत्रण मात्र फोन करूनच द्यावे. काकांनी आईला सांगितलेले निमंत्रण मुलाला मिळालेले नसते. काकांनी मुलालाच फोन करून ‘तू ये, तुझ्याशी बोलायचे आहे’ असे म्हटले, तर तो तारीख लिहून ठेवतो.

प्रश्न : मी मूळची इंदूरची असून बंगळूरमध्ये नोकरी करते. आमच्या कुलसंमेलनाला मी यावे असा आईचा हट्ट आहे. मला तेथे फारसे कोणी ओळखत नाही. मागील वेळी मी बोलताना मध्ये हिंदी शब्द आले म्हणून पुण्याची भावंडे हसली आणि एका काकूंनी ‘तुमचे मराठी म्हणजे गंमतच’ असे सर्वांसमोर म्हटले. पुन्हा जावेसे वाटत नाही. न गेल्यास माझे चुकेल का?
– एक वाचक, बंगळूर

उत्तर : तुझे चुकणार नाही. जेथे बोलण्याचीही चोरी होते तेथे सुट्टी खर्च करून जाण्याचे बंधन कोणावर नसते आणि हे मी तुझ्या आईलाही उद्देशून लिहीत आहे. चूक त्या हसण्यात होती. इंदूरचे मराठी माळव्याच्या हवेत वाढले, त्यात हिंदीची आणि माळवीची लय आली, तरी ते दोनशे वर्षांहून अधिक काळ घराघरांत टिकून राहिले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशा तीन वेळा भरले आहे. महाराष्ट्राबाहेर राहून, शाळा हिंदी किंवा इंग्रजी असताना, ज्या मुलीने आपली भाषा घरातून उचलली, तिच्या बोलण्याचे कौतुक व्हायला हवे होते. पुण्यातील भावंडांना ती भाषा रस्त्यावर, दुकानात, शाळेत आयती मिळाली. संमेलनांचे आयोजक हे वाचत असतील तर त्यांनी सूत्रसंचालन इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर येथील एखाद्या तरुणाकडे द्यावे आणि त्याचे बोलणे कोणी दुरुस्त करू नये.

जावे की न जावे हे तूच ठरव. जाण्याचा विचार झाला, तर पुण्याच्या भावंडांपैकी जे हसले नाही असे एखादे आठवते का ते पाहा आणि महिनाभर आधी त्याला किंवा तिला एक फोन कर. बंगळुरातही तुमच्या कुळातील कोणी ना कोणी असेलच. आईकडून क्रमांक घे आणि एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला जा. तीन-चार ओळखीचे चेहरे असतील तर दीडशे माणसांचे ओझे वाटत नाही. असे कोणीच सापडले नाही, तर या वर्षी खुशाल राहू दे आणि सुट्टीत थेट आजीकडे चार दिवस जाऊन ये. आईला हे पत्र दाखवलेस तरी चालेल. काकूंचे ते वाक्य तिने तेव्हा ऐकले नसावे, ऐकले असते तर तिने हट्ट धरला नसता असे मला वाटते.